चंद्राचा तक्ता

नातीनं मोबाइल माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाली, “वाच आजी, काय काय दिसतं ते.”

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. त्यासाठीच मी पुसदहून यवतमाळला तिच्या खोलीवर येऊन राहिले होते. वैशाखी पौर्णिमेला तिला जंगलात जायचं होतं, पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून रात्रभर प्राणी मोजायला, म्हणून तिनं चंद्राच्या वेळा काढून ठेवल्या होत्या. पडद्यावर अख्खा महिना मांडलेला. वर गावाचं नाव, यवतमाळ, माझं माहेर. खाली तारीख, तिथी, चंद्र उगवायची वेळ, मावळायची वेळ आणि प्रत्येक ओळीच्या टोकाशी एक इवलीशी चकती, आधी भरत जाणारी, मग झिजत जाणारी.

मी घडाघडा वाचत गेले. आयुष्यभर पोरांच्या वह्या वाचल्या आहेत, मला आकड्यांची काय भीती. पण वद्य चतुर्थीपाशी आले आणि थांबले. नातीला वाटलं, अक्षर दिसत नाही. “मोठं करू का?” म्हणाली. मी नको म्हटलं. ती ओळ मला डोळे मिटूनही वाचता आली असती.

असा तक्ता एके काळी आमच्या घरी हातानं व्हायचा. माझी थोरली बहीण तो करायची. आणि एका महिन्यात, ती अंथरुणाला खिळलेली असताना, त्या तक्त्यात वद्य चतुर्थीच्या रकान्यात मी खोटी वेळ लिहिली. बाबांनी घरी लवकर यावं म्हणून लिहिली. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलाला सांगितलं नव्हतं. नातीलाही त्या दिवशी सांगितलं नाही. डोळ्यात थेंब टाकायची वेळ झाली होती, तिनं टाकले आणि मी पडून राहिले.

माझे बाबा बत्तीवाले होते. बाजारात, कचेरीकडे, साहेबलोकांच्या बंगल्यांकडे तेव्हा वीज आली होती. आमच्या बाजूच्या वस्त्यांना ती अजून यायची होती. तिथल्या खांबांवर मातीच्या तेलाचे दिवे असत. ते लावायचे, विझवायचे, दुसऱ्या दिवशी त्यांच्या काचा पुसायच्या, हे बाबांचं काम. खांद्यावर शिडी, हातात तेलाचा डबा, कमरेला खोचलेल्या चिंध्या. दिवे रात्री बारापर्यंत जळायचे, पण रोज नाही. आकाशात चंद्र असताना खाली तेल जाळायचं नाही, असा कमेटीचा, म्हणजे नगरपालिकेचा, नियम होता. आताच्या मुलांना हे खरं वाटत नाही. भर दिवसा खांबावरचे दिवे जळताना पाहिलेली ही मुलं.

शुद्ध पंचमी आली की दिवे बंद. तिथून पौर्णिमा ओलांडून वद्य द्वितीयेपर्यंत संध्याकाळी चंद्र असायचाच, नाहीतर थोड्या वेळात यायचा. तृतीयेपासून पुन्हा कामाला सुरुवात. अंधार पडला की दिवे लावायचे आणि चंद्र वर आला की दुसरी फेरी मारून विझवायचे. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येणार, तेवढं तेल रोज जास्त मिळणार. अष्टमीनंतर तर पुरे बारा वाजेपर्यंत. म्हणजे बाबांना आमच्यात आणि गावात वाटून देण्याचं काम चंद्राकडे होतं. महिन्यातल्या बारा-तेरा संध्याकाळी आमच्या वाट्याला यायच्या. चांदणं पडलं की वस्तीतली पोरं लपाछपी खेळायला पळायची. मी पळायची नाही. मी बाबांच्या मांडीला मांडी लावून चुलीपुढे बसायची, आणि माय म्हणायची, “लय झाली का आता लाडाची? जा ना बाहीर.”

त्यांच्या अंगाला तेलाचा वास यायचा. सणाला उटणं लावून आंघोळ केली तरी यायचा. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या जळत असत, भाकर फुगत असे, जिनावरून, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यातून, आलेल्या मायच्या लुगड्याला सरकी आणि कापसाचा कोंदट वास असे, आणि ह्या सगळ्यावर मातीच्या तेलाचा वास. कुठं स्टो पेटला की मला अजूनही घरी आल्यासारखं वाटतं. सुनेला हे कळत नाही, ती खिडक्या उघडते.

कुठला दिवा कुठल्या रात्री किती वाजेपर्यंत, ह्याचा महिन्याचा तक्ता करावा लागे. तो करायचा कारकुनानं. पण कारकुनाची नजर अधू होती आणि पंचांगाचे ते बारीक आकडे त्याला दिसत नसत. त्यानं एकदा बाबांना विचारलं, तुझी पोरगी सातवी शिकली म्हणतात, तिचं अक्षर कसं आहे? तेव्हापासून दर अमावस्येला पंचांग आमच्या घरी येऊ लागलं. ताई, म्हणजे शेवंता, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती कंदिलाशी पालथी पडून तक्ता करायची. तिथी, चंद्रोदय, चंद्रास्त, दिवे कधी लावायचे, कधी विझवायचे. तिचा चारचा आकडा मोठा डौलदार, पोट भरलेल्या माणसासारखा. कारकून खाली सही करायचा, तक्ता तेलाच्या गोदामात कारकुनाच्या मागच्या भिंतीवर लागायचा आणि त्याच्यावर पाहून तेल मापून मिळायचं.

पंचांगातल्या वेळा मुंबईच्या असत. बाबांना वाचता येत नव्हतं, आकडे मात्र ओळखू येत. आभाळाकडे पाहून त्यांनीच शोधून काढलं होतं की आपल्याकडे चंद्र त्याच्या वीस मिनिटं आधी निघतो. म्हणून ताई प्रत्येक वेळेतून वीस वजा करायची. बाबा म्हणायचे, “मुंबईच्या लोकाइच्या आधी आपल्याले भेटनारी ही एकच गोष्ट हाय. लेहून ठेव नीट.”

त्या पंचांगावरून आमच्या घरी भांडणही झालं होतं. आम्ही दीक्षा घेतली त्याला तेव्हा दोन वर्षं उलटली होती. वस्तीनं देव विहिरीत सोडले होते, उपास मोडले होते, आणि बत्तीवाल्याच्या फळीवर पंचांग. वस्तीतले एक कार्यकर्ते दारात उभे राहून तावातावानं म्हणाले, “हे काय हाय? आपन काय शपथ घेतली?” बाबांनी त्यांना बसायला पोतं टाकलं. म्हणाले, “मुहूर्त नाही पाहत मी, भाऊ. चंद्र पाहतो. चंद्रानं काही कोनाची शपथ मोडली नाही.” त्यांनी चहा घेतला आणि गेले. पण पुढे पंचांगाला ताईनं जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

गंमत दुसऱ्या बाजूलाही होती. संकष्टीच्या संध्याकाळी, म्हणजे ह्याच वद्य चतुर्थीला, वरच्या आळीतल्या बाया ओट्यावर येऊन बाबांची वाट पाहत. “काय रे बत्तीवाल्या, चंद्र किती वाजता आज?” बाबा शिडीवरूनच वेळ सांगत. त्यांच्या हातचं पाणी ह्या घरांत चालत नव्हतं. त्यांच्या शब्दावर उपास सुटत होते. बाबांना ह्याचा राग येताना मी पाहिला नाही. मला अजून येतो.

तो हिवाळा दीक्षेनंतरचा तिसरा. ताईला क्षय झाला होता. दवाखान्यातल्या सुया चालू होत्या, अंडं-दूध चालू होतं, ते कुठून येत होतं मला कळत नव्हतं. दिवसा ती बरी असायची, हसायची, माझी वेणी घालायची. जिनाचा संध्याकाळचा भोंगा झाला की तिला ताप भरायला लागायचा. डोळे चकाकायला लागायचे, ओठ सुकायचे. त्या वेळी तिला बाबा हवे असायचे, दुसरं कोणी नको. माय कपाळावर हात ठेवायची तर ती मान वळवायची. बाबांचा खरबरीत, तेलाच्या वासाचा हात आला की ती निवायची. मग ते तिला शिडीवरच्या बातम्या सांगायचे. शिडीवर चढलं की भिंतीपलीकडचं दिसतं. कोणाच्या अंगणात पापड वाळताहेत, कोण नवराबायको न बोलता जेवताहेत, कोणाच्या घरी पाव्हणे येऊन भात शिजला आहे. ताई डोळे मिटून ऐकायची आणि दुधाची वाटी रिकामी व्हायची. बाबा नसले की ती वाटी तशीच थंड व्हायची आणि सकाळी माय ती मला द्यायची. मी प्यायची. त्या दुधाची चव अजून जिभेवर आहे आणि ती चांगली नाही.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला पंचांग आलं. बाबा दिवे लावायला गेले होते. ताईनं पेन्सिल धरली आणि दोन ओळींनंतर ती तिच्या हातातून गळून पडली. तिनं पुन्हा धरली. पुन्हा पडली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“तू लेह,” ती म्हणाली. “मी सांगतो तसं. पन बाबाले सांगू नोको. मले लेहता येत नाही म्हनून सांगू नोको.”

आमच्याकडे बायाही ‘मी सांगतो’ म्हणतात. पुसदच्या शाळेत मी पोरींचं हे बोलणं सुधारत असे. ताईचं सुधारायला कोणी नाही म्हणून आठवणीत ते तसंच राहिलं आहे.

मी कोरा कागद घेतला. ती पंचांग छातीवर उघडं ठेवून एकेक वेळ सांगत गेली, वीस वजा करून, न चुकता. मी तिच्यासारखं अक्षर काढायचा प्रयत्न करत होते. शुद्धातल्या तिथ्या संपल्या. पौर्णिमा झाली. वद्य तृतीया, आठ वाजून दहा. लिहिलं. मग तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, “चतुर्थी, नऊ.”

मी तिथे पुन्हा आठ वाजून दहा लिहिलं.

मी अकरा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. कागदाचं ऐकून चंद्र लवकर निघत नाही, हे मला कळत होतं. पण तेल कागदाचं ऐकतं, बत्तीवाल्यांवरचा जमादार कागदाचं ऐकतो आणि बाबा जमादाराचं. तेल लवकर संपलं की दिवे लवकर विझतील आणि बाबा लवकर घरी येतील. पंचमीला ती म्हणाली दहाला दहा कमी, मी चतुर्थीचे नऊ लिहिले. अशी एकेक ओळ मी खाली सरकवत नेली. तिनं कागद तपासला नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता. सकाळी शाळेत जाताना घडी घालून मीच तो कारकुनाला नेऊन दिला.

पौषातला तो शुद्ध पक्ष चांगला गेला. द्वितीयेची कोर दिवे लागायच्या सुमारास दिसायची आणि सातच्या पुढे मावळून जायची. मी अंगणात उभी राहून ती उद्या किती वर असेल ते बोटांनी मोजायची. पंचमीला बाबांनी शिडी भिंतीला टेकवली आणि ते आमचे झाले. रोज संध्याकाळी ताईच्या उशाशी बसायचे. चंद्र रोज उशिरा मावळू लागला, अष्टमीला अर्ध्या रात्री, एकादशीला पहाटेच्या अंगाला. घराच्या पत्र्याला एक भोक होतं. त्यातून चांदणं येऊन ताईच्या गोधडीवर पडायचं आणि रात्रभरात तिच्या पायांकडून भिंतीकडे सरकायचं. ती म्हणायची, पाहा, माझ्याकडे घड्याळ आहे.

पौर्णिमा ही आता आमची तिथी झाली होती. सगळी वस्ती पांढरं नेसून मैदानात वंदनेला जमायची. पाली शब्द लोकांच्या जिभेवर अजून बसले नव्हते. ते आधी ताईनंच सगळ्या बायांना घोकून घोकून शिकवले होते. त्या पौर्णिमेला ती म्हणाली, मी येणार. माय नाही म्हणाली. बाबांनी वाकून पाठ पुढे केली आणि ती त्यांच्या पाठीवर चढली, अठरा वर्षांची पोरगी, माझ्याहून हलकी. जिनाच्या धुराड्यामागून चंद्र वर आला, मोठा, तांबूस. थंडीनं सगळ्यांच्या तोंडून वाफ निघत होती. बाबांनी तिला खाली उतरवलं नाही, तसेच उभे राहिले. बायका मध्येच एक ओळ विसरल्या आणि बाबांच्या खांद्यावरून ताईचा बारीक आवाज आला, तिनं ती ओळ पुढे म्हटली. सगळे तिच्या मागून म्हणाले. मी तेव्हा सुखात होते. हे लिहितानाही तेवढ्यापुरतं वाटतं आहे.

मग वद्य पक्ष लागला. तृतीयेला बाबा शिडी घेऊन गेले आणि साडेआठाच्या पुढे परतले. चतुर्थीला मी दारातच बसले होते. कचेरीवर आठचे ठोके पडले. थोड्या वेळानं आमच्या गल्लीच्या तोंडाचा दिवा फडफडला आणि गेला. मग त्याच्या पलीकडचा. गल्ली काळीठिक्कर झाली. आणि काळोखातून बाबा आले, शिडी टेकवली, पाय धुतले.

“आज चंद्र कुठं राहून गेला?” ते ताईला म्हणाले. “तेल तं संपलं. कारकुनानं तेवढंच देलं. म्या म्हटलं, असन. शेवंतीचा तक्ता कधी चुकत नाही.”

ताईनं डोळे उघडले. तिला सगळ्या वेळा पाठ होत्या. चतुर्थीचे नऊ तिनंच सांगितले होते. तिनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. मला वाटलं, आता बोलते. तिला भरलेला ताप तिच्या गालांवर दिसत होता. तिनं बाबांचा हात ओढून कपाळावर घेतला आणि म्हणाली, “बसा ना, बाबा.” बाबा बसले. वाटीतलं दूध संपलं. बऱ्याच वेळानं बाहेर उजाडल्यासारखं झालं. चंद्र निघाला होता.

पंचमीला दिवे नऊला गेले. चंद्र यायला जवळजवळ तासभर होता. त्या तासात नाल्याकडच्या गल्लीत एक म्हातारे गुरुजी अंधारात उघड्या नालीत पडले आणि त्यांचं मनगट मोडलं.

सकाळी जमादार आमच्या अंगणात आला. हातात गोदामाच्या भिंतीवरून काढलेला तक्ता. बाबा काचा पुसत बसले होते, बोटं काळी झालेली. जमादार वाईट माणूस नव्हता, पण त्याला वरून बोलणी बसली होती. त्यानं कागद बाबांच्या तोंडापुढे धरला.

“पंचमीले नऊ वाजता चंद्र? कोनी लेहलं हे? तुया पोरीनं ना?”

बाबांनी कागद हातात घेतला. काळे हात धोतराला पुसून मग घेतला. ते आकड्यांकडे पाहत राहिले. फार वेळ पाहत राहिले. मी दाराआड होते. आतून ताई उठून बसायचा प्रयत्न करते आहे हे मला खाटेच्या आवाजावरून कळलं. तिला काही बोलायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली आणि थांबेचना. तो खोकला अंगणात ऐकू जात होता. बाबांनी मान वर केली नाही.

“पोरीनं फक्त लेहलं,” शेवटी ते म्हणाले. “वेळा मी सांगतो. मायं बोट एक ओळ वरतं राहून गेलं.”

“तुले वाचता येते का?”

“आकडे येतात.”

जमादारानं कपाळाला हात लावला. मग शिक्षा सांगितली. अमावस्येपर्यंत रोज दिवे विझवून झाले की पहाटेपर्यंत गोदामावर पहारा. बाबा बरं म्हणाले आणि उरलेल्या काचा पुसायला बसले. मला वाटलं, आता ते आत येतील, ताईला विचारतील, मला विचारतील. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. मी सुटले असं वाटून मला आनंद झाला होता, हेही लिहायलाच हवं.

मग त्या संध्याकाळी आल्या, ज्या टाळायला मी सगळं केलं होतं. षष्ठी, सप्तमी, अष्टमी. बाबा भोंग्याआधी जायचे ते उजाडल्यावर यायचे. दिवसा झोपायचं सोडून ताईजवळ बसायचे, पण दिवसा तिला ताप नसायचा. संध्याकाळी दूध थंड व्हायचं. दशमीपासून तिनं दुधाकडे पाहणंही सोडलं. मी एकदा बाबांचं जुनं धोतर आणून तिच्या कपाळावर ठेवलं. तेलाचा वास आला तशी तिनं डोळे उघडले आणि मला पाहून पुन्हा मिटले. मी तिला सांगणार होते, ताई, माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, “निज आता. मले समजते.” काय समजतं ते तिनं सांगितलं नाही.

त्रयोदशीच्या पहाटे मायनं मला हलवून उठवलं. “जा, बाबाले बोलाव. पयत जा.” ताईचा श्वास घरभर ऐकू येत होता. मी अनवाणी पळाले. माती थंडगार होती, गल्ल्या रिकाम्या, खांबावरचे दिवे कधीच विझलेले. पूर्वेला चंद्राची एक बारीक कड नुकतीच निघाली होती. ताईनं सांगितली होती, ठीक त्याच वेळेला. तिच्या उजेडात काही दिसण्यासारखं नव्हतं.

गोदामाच्या ओट्यावर बाबा गुडघ्यांभोवती हात घेऊन बसले होते. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. मी काही बोलायच्या आत ते उठले. कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि चालायला लागले. ते पळाले नाहीत, पण मला त्यांच्याबरोबर राहायला पळावं लागत होतं. नाल्याचा पूल ओलांडला तेव्हा घराकडून मायचा आवाज आला. बाबांची पावलं तिथं थांबली. मग ते हळू चालू लागले, आता घाई नसल्यासारखे.

पुढे त्या वस्त्यांत वीज आली. बाबांना शाळेत शिपायाची जागा मिळाली. मी मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले, लग्न होऊन पुसदला गेले. बाबा गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. नाल्याकडची ती गल्ली नातीनं काल मला दाखवली, तिथं आता मोबाइलची दुकानं आहेत आणि इतका झगझगाट की वर पाहिलं तरी चंद्र चटकन सापडत नाही. मी शोधत उभी राहिले तर नात म्हणाली, आजी, डोळ्यांना ताण देऊ नकोस.

ताईला पोचवून आलो त्याच्यानंतर दोन दिवसांनी अमावस्या होती. संध्याकाळी बाबांनी गोदामातून पंचांग आणलं, वर्तमानपत्राच्या कव्हरातलं. कंदील लावला. कोरा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली.

“लेह,” ते म्हणाले.

“मी नाही लेहत.”

“मंग कोन लेहन?”

तेव्हा मला रडू फुटलं. ताई गेली त्या दिवशी मी रडले नव्हते. मी म्हटलं, “बाबा, तो तक्ता मी लेहला होता. ताईनं बराबर सांगतलं होतं. मीच वेळ बदलवली. तुमी लवकर घरी यावं म्हनून.”

“ठाऊक हाय मले.”

“कोनी सांगतलं? ताईनं?”

“कोनी नाही सांगतलं. जमादारानं कागद तोंडापुढं धरला तवाच समजलं. तिचा चार मले वळखू येत नाही का?” ते कंदिलाची वात खालीवर करत राहिले. “तवा वेळेकडं लक्षच गेलं नाही मायं. तेलाचं बी काही वाटलं नाही. अक्षर तिचं नाही, एवढंच दिसलं. म्या म्हटलं, शेवंतीच्यानं आता पेन्सिल बी धरवत नाही. अन् मले कोनी सांगून नाही राह्यलं.”

मी रडायची थांबले. दाराआड उभी राहून मला वाटलं होतं, बाबा माझी चूक शोधताहेत. आपली पोरगी जगणार नाही, हे त्यांना त्या अंगणात, जमादारासमोर, माझ्या कच्च्या आकड्यांवरून कळलं होतं. आणि ते कळल्यावर ते रोज रात्री तिला सोडून तेल राखायला गेले, कारण चूक तिच्या नावावर लागू द्यायची नव्हती आणि माझ्याही.

“घे,” बाबा म्हणाले. त्यांनी पंचांग उघडून प्रतिपदेवर बोट ठेवलं. मी पेन्सिल घेतली. ते बोट ओळीओळीनं खाली आणत गेले, मी वीस वजा करून लिहीत गेले. वद्य चतुर्थीपाशी त्यांचं बोट थांबलं नाही. मी खरी वेळ लिहिली. त्या संध्याकाळी ते किती वाजता घरी येतील हे आम्हाला दोघांनाही वाचता येत होतं, आणि त्याच्या आधी त्यांनी यावं असं आता कोणाचं काही अडलेलं नव्हतं.